चोडण राष्ट्रीय उद्यान झालं, तर पाणमांजर वाचेल का?

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या सरांचा. नववीच्या मुलांना घेऊन ते रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यात गेले होते. परतीच्या फेरीत एका मुलीने विचारलं, ‘ख्रिसमस आयलंडवर अर्ध्याहून जास्त बेट राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून तिथे कोट्यवधी लाल खेकडे आहेत. चोडणही बेटच आहे. मग ते अख्खं राष्ट्रीय उद्यान का करत नाहीत? केलं तर पाणमांजरं आणि मगरी वाचतील ना?’ सरांना त्या वेळी नीट सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी प्रश्न माझ्याकडे पाठवला.

सर, आधी त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मांडवीच्या खाऱ्या पट्ट्यात पाहणीची कामं करता करता माझी २७ वर्षं गेली. पक्ष्यांच्या मोजण्या, खारफुटीच्या मोजण्या, आणि गेली बरीच वर्षं पाणमांजरांच्या विष्ठेचे नमुने गोळा करणं. हा शेवटचा उद्योग ऐकला की पाहुणे हातातला चहा खाली ठेवतात. पण इतक्या वर्षांत कितीतरी बैठकांना बसले, त्यात इतका सरळ प्रश्न क्वचितच कानावर आला.

उत्तर ‘नाही’ असं आहे. उद्यान झाल्याने चोडणचं पाणमांजर वाचणार नाही. उद्यान कसं होतं हे नीट पाहिलं तर कदाचित ते लवकर जाईल असंच मला वाटतं.

कायद्याचा भाग लवकर उरकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभयारण्याच्या हद्दीत लोकांचे जे हक्क असतील त्यातले काही चालू ठेवायला जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात. राष्ट्रीय उद्यानात तसं नाही. आतल्या जमिनीवरचे सगळे हक्क सरकारकडे आल्याशिवाय अंतिम घोषणाच होत नाही, आणि नंतर गुरं चारायलाही आत जाता येत नाही. गोव्यात असं उद्यान एकच, मोलेचं, १०७ चौरस किलोमीटरचं, आणि तेही सभोवतालच्या भगवान महावीर अभयारण्याच्या पोटात. तिथे डोंगर आहे, जंगल आहे. चोडणवर शेतं आहेत, घरं आहेत, देवळं आहेत, इगर्जी म्हणजे चर्च आहेत, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, जमिनी आहेत. ‘चूडामणी’वरून बेटाला नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात, म्हणजे वस्ती किती जुनी ते बघा. अभयारण्य १९८८ साली झालं. नाव पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींचं, ते त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. क्षेत्रफळ पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, बेटाच्या पश्चिम टोकाला. फेरीबोटीतून उतरल्यावर तुम्ही ज्या फरसबंद वाटेने टेहळणी मनोऱ्यापर्यंत गेलात, ती वाट संपते तिथून फार लांब नसतानाच अभयारण्यही संपतं.

आणि पाणमांजराला हे माहीत नाही. मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

आपल्याकडे खाडीत असतं ते स्मूथ-कोटेड जातीचं पाणमांजर. डोंगरातल्या ओहोळांत लहान नखांची दुसरी जात आहे, ती वेगळी. खाडीतलं हे पाणमांजर कुटुंब करून राहतं. आई-बाप आणि एक-दोन विणीची पिल्लं, सगळी मिळून एकत्र शिकार करतात, एकमेकांना शिट्ट्या घालतात, अंग सुकवायला एकाच जागी लोळतात. जगाच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ वर्गात आहे. खाणं मुख्यतः मासे, वर तोंडी लावायला कुर्ल्या, म्हणजे खेकडे. दिवसा ती खारफुटीच्या मुळांत कुठेतरी पडून राहतात. पण रात्री? रात्री त्यांच्या पावलांचे ठसे मला अभयारण्याच्या फलकापासून लांब, गावच्या बांदावर मिळतात. कारण मासे तिथे आहेत.

मुलांना खाजन म्हणजे काय ते कदाचित माहीत नसेल. डिचोली तशी आतली. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीखालची जमीन, नदीला बाहेर थोपवून कसलेली. बाहेर नदी, मध्ये मातीचा बांद, आत भाताची शेतं, आणि त्यातल्या सगळ्यात खोलगट भागात पोंय, म्हणजे पाणी साठून राहणारं तळं. बांदात जिथून आतलं पाणी नदीला मिळतं तिथे मानस. मानस हे लाकडी दार असतं आणि ते एकाच बाजूला उघडतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. भरती चढू लागली की नदी स्वतःच ते दार लावून घेते. वीज नाही, मोटर नाही. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो, आणि तेवढ्या फरकावर हे सगळं यंत्र शेकडो वर्षं चाललं आहे. पावसाळ्यात वरून गोडं पाणी पडून मीठ धुपतं, मग कोरगुट पेरायचं, खारं सोसणारं भात. कापणी झाली की पाणी बेताने आत घ्यायचं, त्याबरोबर शेवटे, काळुंदर, तामसो, चोणक, सुंगटं आत येतात आणि वाढतात. मानशीवर मासे धरायच्या हक्काची दरवर्षी पावणी होते. ज्याची बोली वर, तो त्या वर्षीचा मानसवाला.

आता पाणमांजराच्या जागी बसून विचार करा. उघड्या मांडवीत मासा धरायचा तर पाणी खोल, ओढ जबर. मानशीपाशी ओहोटीला सगळ्या खाजनातले मासे एका अरुंद तोंडाकडे येतात. पाणमांजर तिथे येणार नाही तर कुठे जाईल?

एक सकाळ सांगते. डिसेंबरची, पौर्णिमेनंतरची, सहा-साडेसहाची वेळ. ओहोटी संपत आलेली. बांदावर दव इतकं की चपला हातात घेऊन चालत होते. मानशीच्या बाजूला जांभ्या दगडाचा एक चिरा वर आलेला आहे, त्यावर ताजी विष्ठा. पाणमांजराची विष्ठा एकदा पाहिली की विसरता येत नाही. काळपट हिरवट, ओली, आणि तिच्यात माशांचे खवले असे चमकतात की उन्हाची तिरीप आली तर कुणीतरी टिकल्या सांडल्यासारखं वाटतं. मध्ये कुर्लीच्या कवचाचे केशरी तुकडे. वास सुक्या मासळीचा, पण थोडा गोडसर. ही जागा ते उगाच निवडत नाहीत. तोच चिरा, तोच बांद, पुन्हा पुन्हा. त्यांच्या भाषेत ती कचेरीच्या दारावरची पाटी आहे. मी चिमट्याने नमुना डबीत भरत होते, एवढ्यात मानसवाला खालून जाळं घेऊन वर आला. जाळ्याच्या बुडाला दोन ओंजळी जातील एवढं भोक. माझ्यापुढे ते पसरून म्हणाला, ‘पळे गो बाय, तुज्या भुरग्यांचें काम हें.’ बघ गं बाय, तुझ्या पोरांचं काम हे.

तो हसत होता. पण भोक खरं होतं, रात्रभराचे मासे गेले ते खरं होतं, आणि पावणीचे पैसे त्याने आगाऊ भरले होते तेही खरं होतं. फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळालेला मानसवाला मी तरी अजून पाहिलेला नाही. तरीसुद्धा त्याने काठी उचलली नाही, सुरुंगाचा गोळा पाण्यात टाकला नाही. दरवेळी सगळे असेच वागतात असं मी म्हणणार नाही. पण चोडणच्या पाणमांजराचं आयुष्य त्या माणसाच्या त्या हसण्यावर टांगलेलं आहे, अभयारण्याच्या फलकावर नाही. उद्यान करायचं म्हणजे त्याचा मानशीवरचा हक्क सरकारजमा करायचा. मानस नाही तर तिची देखभाल नाही, देखभाल नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत दार कुजणार, बांदाला खिंडार पडणार, आणि खाजन नदीत जाणार.

इथे बरेच निसर्गप्रेमी मला अडवतात. ‘जाऊ दे ना नदीत. खारफुटी येईल. जंगल होईल!’ खारफुटी येते, हे खरं. तीन-चार वर्षांत तिवर आणि मारांडी शेतभर होतात, मग चिपी, मग कांदळ. वरून पाहिलं तर हिरवं दिसतं, उपग्रहाच्या नकाशावर तर फारच छान दिसतं. मीही एके काळी याच बाजूची होते, नुसती बाजूची नाही, त्यात माझा हात आहे.

मी कामाला लागल्यावर वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट. एका संस्थेच्या वृक्षारोपणाला मी कॉलेजची मुलं घेऊन गेले होते. जागा पाहिली तर एक पडीक वाटणारी पोंय. आम्ही कांदळाचे ते भाल्यासारखे लांब अंकुर चिखलात खोचत गेलो, चारशेच्या वर. चिखलात मांड्यांपर्यंत उतरून, गाणी म्हणत. बांदावर एक म्हातारे शेतकरी सगळा वेळ बसून होते. शेवटी मी वर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘हांगा मुळां भरलीं की उदक खंय रावतलें?’ पाणी कुठे राहील? मी त्यांना खारफुटीचं महत्त्व समजावून सांगितलं. सर, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. दहा वर्षांनी त्या पोंयीचं तोंड मुळांत अडकलेल्या गाळाने बुजलं होतं, मानशीचं दार अर्धं उघडून थांबत होतं, आणि त्या बांदावर मला पाणमांजराची एकही जुनी-नवी खूण मिळाली नाही. कांदळं मात्र झक्क वाढली होती. आता ती तोडायची म्हटलं तरी तोडता येत नाहीत, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. ते म्हातारे तोवर राहिले नव्हते, नाहीतर माफी मागितली असती.

खारफुटी वाईट असं यातून काढू नका. नदीच्या बाजूला, बांदाच्या पायथ्याशी ती हवीच. लाटेचा मार ती आधी आपल्या अंगावर घेते, आणि तिच्याशिवाय पाणमांजराला दिवसा लपायला जागा नाही. पण बाहेर खारफुटी, मध्ये बांद, आत शेत आणि पोंय, या तिन्हींची जोडणी जिथे शाबूत आहे तिथे माझ्या नमुन्यांची डबी भरते. एकच राहिलं तर रिकामी येते.

आता त्या मुलीच्या ख्रिसमस आयलंडकडे जाते, कारण तिचा खरा मुद्दा तो आहे आणि तिला तो पूर्ण सांगितला पाहिजे.

हे बेट हिंदी महासागरात जावाच्या दक्षिणेला सुमारे ३५० किलोमीटरवर आहे, ताब्यात ऑस्ट्रेलियाच्या. १३५ चौरस किलोमीटर, म्हणजे अशी सत्तावीस बेटं गोव्यात बसतील. १८८८ मध्ये ब्रिटिशांनी ते घेतलं ते फॉस्फेटसाठी. खाण आजही आहे. राष्ट्रीय उद्यान १९८० चं, पुढे वाढवत नेलेलं, आणि आज बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यात येतो. मुलीची माहिती बरोबर आहे. खेकडेही खरे. पहिल्या पावसाबरोबर ते जंगलातून समुद्राकडे निघतात, रस्ते बंद करावे लागतात, त्यांच्यासाठी रस्त्यावरून पूल आणि खालून बोगदे बांधलेले आहेत. मादी अंडी सोडते ती चंद्र क्षयाच्या अर्ध्यावर असताना, पहाटे, भरती उतरताना. आपल्या भाषेत सांगायचं तर कृष्ण अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या पाण्यात. त्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो, म्हणून काठावर उभी राहिलेली मादी वाहून जात नाही. आपला कुठलाही रापणकार हे ऐकून मान डोलावेल.

पण हे खेकडे उद्यानामुळे नाहीत. ते उद्यानाच्या आधीपासून आहेत. आणि उद्यान असूनही त्यातले कोटीच्या वर मेले. ते कसे, हे मुलांना नक्की सांगा, कारण इतकी शिकवणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

पिवळी वेडी मुंगी म्हणतात अशी एक मुंगी आहे. धावते वेड्यासारखी म्हणून वेडी. जहाजांतून ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटावर पोचली आणि कित्येक दशकं गप्प होती. १९८९ मध्ये तिची पहिली महावसाहत दिसली, म्हणजे असंख्य राण्या असलेली, एकमेकींशी न भांडणारी, मैलभर पसरलेली एकच वसाहत. खेकडा त्यातून चालला की मुंग्या त्याच्या डोळ्यांत आणि सांध्यांत फॉर्मिक ॲसिड उडवतात. आंधळा खेकडा पाण्याविना जागच्या जागी मरतो. खेकडे जंगलातला पालापाचोळा आणि कोवळी रोपं खाऊन जमीन साफ ठेवायचे. ते गेल्यावर तिथलं जंगल खालून दाटलं, झाडांची नवी गर्दी उगवली. एका मुंगीने अख्ख्या जंगलाची चाल बदलली.

मुंगीला इतकं बळ आलं कुठून? लाखेच्या किड्यांच्या कुळातला एक परका किडा झाडांवर होता. तो रस शोषतो आणि गोड द्रव सोडतो. मुंग्या त्याला गाईसारखं पाळतात, राखण करतात आणि दूध पितात. आधी हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून पाहिलं; मुंग्या कमी झाल्या, पुन्हा आल्या. मग वर्षानुवर्षं चाचण्या करून डिसेंबर २०१६ मध्ये मलेशियातून आणलेली जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी सोडली. ती मुंगीला हातही लावत नाही. ती त्या किड्यात अंडी घालते. गोठा मोडला की गवळी निघून जाईल असा हिशेब. मला यातली धीर धरण्याची पद्धत आवडते. आपल्याकडे बहुतेक वेळा मुंगीवरच काठी चालवली असती.

खेकड्यांचं हे तरी सावरता आलं. बाकीच्यांचं काय झालं ते ऐका. १८९९ मध्ये एका जहाजातून काळे उंदीर उतरले. त्यांच्या रक्तातल्या परजीवीचा रोग बेटावरच्या दोन मूळ उंदरांना लागला आणि काही वर्षांतच दोन्ही जाती संपल्या. तेव्हा उद्यान नव्हतं, मान्य. पण १९८० नंतर? आपल्याकडे घराच्या भिंतीवर दिसणारा कवड्या साप आठवतो ना, त्याचा एक चुलतभाऊ आशियातून कुठल्यातरी मालात लपून १९८० च्या दशकात तिथे पोचला. बेटावरच्या सापसुरळ्यांनी आणि पालींनी आयुष्यात साप पाहिलेला नव्हता. एका जंगली सापसुरळीची शेवटची मादी पिंजऱ्यात होती, तिचं नाव ‘गम्प’; ती ३१ मे २०१४ ला मेली आणि जात संपली. निळ्या शेपटीची सापसुरळी आणि लिस्टरची पाल पकडून पैदास केली म्हणून त्या बेटावर फक्त कुंपणाआड जिवंत आहेत. आणि वटवाघूळ! चार-पाच शेंगदाण्यांएवढ्या वजनाचं, जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं. संख्या घसरते आहे असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते. पकडून पैदास करायचा निर्णय २००९ च्या जुलैमध्ये झाला. ऑगस्टमध्ये पथक पोचलं तेव्हा यंत्रावर एकाच वटवाघळाचा आवाज उमटत होता. २६ ऑगस्टच्या रात्रीनंतर तोही उमटला नाही. ते नेमकं कशाने गेलं यावर अजून एकमत नाही. बेटावरची चिचुंदरीही २०२५ मध्ये नामशेष जाहीर झाली.

हे सगळं, सर, उद्यानाची हद्द घालून, फलक लावून, पगारी माणसं ठेवून. उद्यान निरुपयोगी होतं असं मात्र म्हणू नका. ती माणसं तिथे नसती तर गांधीलमाशीही सुटली नसती आणि निळ्या शेपटीवाली पिंजऱ्यातही उरली नसती. २०१९ मध्ये त्यातल्या ३०० सापसुरळ्या कोकोस बेटांपैकी एका छोट्या, सापाविना बेटावर सोडता आल्या, त्या या माणसांमुळेच. पण हद्द आखल्याने शत्रू अडला नाही, कारण तो हद्दीतून आलाच नव्हता. तो बंदरातून आला.

मग चोडणच्या पाणमांजराचा शत्रू कुठून येतो? मी बांदावर उभी राहून जे पाहिलं तेवढंच सांगते.

एक, बार्ज. लोहखनिज जोरात होतं तेव्हा मांडवीतून हजार-दीड हजार टन माल भरलेले बार्ज एकामागून एक उतरायचे. प्रत्येकाच्या मागची लाट मातीच्या बांदावर आपटायची, माती थोडी थोडी सुटायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा बांदावरच्या गवताची कड पुन्हा धरलेली मी दोन हंगामांत पाहिली. पुढे काही काळ सुरू, मग २०१८ मध्ये पुन्हा बंद, आणि आता परत हळूहळू. बार्ज अभयारण्यातून जात नाही. बांद अभयारण्यात नाही. कुठल्या फलकावर हे लिहायचं?

दुसरं, काँक्रीट. फुटलेला बांद दुरुस्त करायचा तर चिखल, पेंढा, जांभ्याचे चिरे आणि माणसांचे हात लागतात. हात मिळेनासे झाले, कुळांच्या असोसिएशनला दुरुस्तीची माणसं जमवताना नाकी नऊ येतात, म्हणून सरळ भिंत उभी करतात. भिंतीत पाणमांजराला बीळ करता येत नाही, वर चढता येत नाही, लोळायला ओली माती नाही. कुर्लीलाही ती नको. काँक्रीट बांदाने शेत वाचतं हे मी नाकारत नाही, पण निदान मध्ये मध्ये चाळीस-पन्नास मीटरचे मातीचे तुकडे ठेवा, एवढं मागणं आहे. दोन ठिकाणी ऐकलं, बाकी ठिकाणी हसले.

तिसरं, मोकाट कुत्री. यावर लिहिलं की माझ्यावरच भुंकायला येतात, म्हणून इतकंच: विणीच्या दिवसांत बांदावर कुत्र्यांचे ताजे ठसे वाढले की पिल्लांचे ठसे कमी होतात, असं माझ्या वहीत वर्षामागून वर्ष येतं आहे. पोंयीत शिरलेला तिलापिया, टाकलेली नायलॉनची जाळी, रात्रीचे झगझगीत दिवे हे सगळं आहेच.

मगरींबद्दल मुलीने विचारलं होतं. त्या मुख्यतः कुंभारजुव्याच्या कालव्यात, मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या. तिथली मगर गोड्या पाण्यातली जात आहे, पण भरतीच्या खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहते आहे. बाहेरचे अभ्यासक हे बघायला मुद्दाम येतात. माणसांनी ती मारून का टाकली नाही? फोंडा तालुक्यातल्या खाजन गावांत पौष अमावास्येला मानगें थापतात. बांदाच्या कडेला चिखलाची मगर, खवल्यांच्या जागी शिंपल्या, आणि तिची पूजा. शेत राखणारी ती देवता आहे. एकदा पाहिलेली ती चिखलाची मगर मला कुठल्याही संरक्षण आराखड्याहून जास्त पटली. आणि त्याच कालव्यात एका पर्यटक होडीतून मगरीने तोंड उघडावं म्हणून कोंबडीचे तुकडे टाकताना मी पाहिलं, तेव्हा नावाड्याला ओरडून घसा बसवून घेतला. माणसाच्या हातून खाणं येतं हे मगरीला शिकवू नये, एवढी अक्कल त्या पूजेत आहे.

पक्ष्यांचं जरा बरं आहे. खंड्यांच्या जाती, समुद्र बगळे, हिवाळी पाहुणे, ओहोटीच्या चिखलावर सगळे मिळतात. अभयारण्य पक्ष्यांना खरोखर उपयोगी पडतं, कारण त्यांना बसायला शांत जागा हवी असते आणि खायला ते उडून बाहेर जातात.

मग करायचं काय? अभयारण्य आहे तसं राहू द्यावं. भोवतालच्या खाजनांसाठी त्याच कायद्यात एक वेगळी वाट आहे, २००३ पासून लागू झालेली: सामुदायिक राखीव क्षेत्र. जमीन गावाची किंवा खाजगी मालकांचीच राहते, स्वतःहून तयार असतील तरच ते होतं, आणि व्यवस्थापन गावातल्या प्रतिनिधींची समिती करते. जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी दोन्ही लागतात. मानस चालू, पावणी चालू, शेत चालू. किनारी नियमावलीतही २०११ पासून गोव्याच्या खाजनांसाठी खास तरतूद आहे. मला वाटतं, यात फाटक्या जाळ्याची भरपाई जोडली आणि बांद दुरुस्तीला मजुरी दिली, तर उद्यानापेक्षा दसपट काम होईल. कोमुनिदाद, कुळं आणि वनखातं एका टेबलावर बसवणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे. मी तसल्या दोन बैठकांतून उपाशी उठून आले आहे.

मुलांना परत आणणार असाल तर जानेवारीत, पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, सकाळी साडेसहाला. तेव्हा ओहोटी तळाला असते. मनोऱ्यावर नंतर जा, आधी गावच्या बांदावर या, पण मानसवाल्याला आदल्या दिवशी विचारून. जाळं लावलेलं असेल तर त्याच्या दोरीला पाय लागू देऊ नका. चपला बूट सगळे काढायला लावा, चिखलात ठसे बुटांखाली मोडतात. पाच बोटं, मध्ये पातळ पडद्याची रेघ, असा ठसा सापडला की त्याच्या बाजूला कुणालातरी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायला सांगा, आणि मानशीच्या बाजूच्या दगडांकडे बघा. खवले चमकताना दिसतील. हात लावायचा असेल तर त्या मुलीलाच लावू द्या, मी डबी घेऊन येते.